जमीन थोरल्याच्या नावावर, हक्क सगळ्यांचा: पहिल्यांदाच दाद मागणाऱ्यांसाठी

“सातबारा माझ्या नावावर आहे, तुमचा काय संबंध?” महाराष्ट्रातल्या गावांत भावाभावांची भांडणं बहुतेक वेळा या वाक्यापासून पेटतात. वडील गेले, थोरल्याचं नाव लागलं, वीस-पंचवीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला आला, किंवा थोरल्याच्या मुलाने विक्रीची बोलणी सुरू केली, आणि बाकीच्यांना पहिल्यांदा कळलं की कागदावर आपण कुठेच नाही.

अशा वेळी माणूस दोन टोकांना जातो. एक तर “नाव नाही म्हणजे हक्क नाही” असं मानून गप्प बसतो, नाहीतर दुसऱ्याच दिवशी वकील गाठून मिळेल तो दावा ठोकतो. दोन्हीत नुकसान आहे. हा लेख मधल्या वाटेचा आहे: आधी काय शोधायचं, मग कुठे जायचं, आणि काय बोलायचं टाळायचं. बहुतेक भर हिंदू कुटुंबांच्या शेतजमिनीवर आहे, कारण एकत्र कुटुंबाचा गुंता तिथेच असतो. मुस्लिम कुटुंबात जन्माने हक्क मिळत नाही; वारसांचे हिस्से मालकाच्या मृत्यूनंतर शरीयतीप्रमाणे ठरतात. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. कागद शोधण्याचा आणि महसूल कचेरीचा भाग मात्र सगळ्यांना सारखाच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या

सातबारा हा मालकीचा दस्त नाही. तो मुळात शेतसारा कोणाकडून घ्यायचा याची नोंद ठेवण्यासाठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. थोरल्याच्या नावाची नोंद म्हणजे खटल्याचा शेवट नव्हे. पण ती चुकीची आहे हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर आहे, हेही तितकंच खरं. “सगळ्या गावाला माहीत आहे” हा पुरावा होत नाही. गाव साक्षीला येत नाही.

पहिली पायरी: नाव लागलं कसं, ते मागे मागे जाऊन पाहा

आजचा सातबारा काढून फारसं कळत नाही. त्यावर जो फेरफार क्रमांक असतो, तो धरून गाव नमुना सहाचा, म्हणजे फेरफार नोंदवहीचा, उतारा काढा. त्या फेरफारात आधीच्या नोंदीचा धागा सापडेल. असं करत जमीन कुटुंबात पहिल्यांदा आली त्या नोंदीपर्यंत पोहोचा. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच तालुक्यांत स्कॅन झाले आहेत आणि ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळतात. नाही मिळाले तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. एकत्रीकरणात सर्वे नंबरांचे गट झाले असतील तर जुना सर्वे नंबर आधी शोधावा लागेल, नाहीतर धागा मध्येच तुटतो.

या जुन्या कागदांत तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायच्या.

पहिली म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ अशी अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. वडील वारल्यावर सगळ्यांची नावं लावण्याऐवजी थोरल्याचं नाव लावून पुढे ही अक्षरं लिहायची पद्धत होती. अर्थ सरळ आहे: हा माणूस कुटुंबाच्या वतीने उभा आहे. पण दर दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहिताना ही तीन अक्षरं कधी गळून पडतात, कोणाच्या लक्षात येत नाही. कधी चुकून, कधी कोणी पाडतं म्हणून. तुमच्या हातात जर एखादा साठच्या किंवा सत्तरच्या दशकातला उतारा आला आणि त्यावर थोरल्याच्या नावापुढे ए.कु.मॅ. असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. ती अक्षरं नंतर कोणत्या फेरफाराने काढली, ते विचारा. बहुतेक वेळा तसा फेरफारच सापडत नाही.

दुसरी, ‘इतर हक्क’ हा रकाना. विधवा आईचं आणि बहिणींचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, न लावता इतर हक्कात टाकून द्यायची सवय फार जुनी आहे. तिथे नाव असणं म्हणजे कुटुंबाने तेव्हा त्यांना वारस मानलं होतं याचा लेखी पुरावा. याच्यासोबत गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवही, तीही बघा. वारसांची पूर्ण यादी तिथे असते आणि सातबाऱ्यावर येईपर्यंत ती आखडते.

तिसरी, ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तुम्ही लहान असताना तुमच्या नावापुढे काका किंवा आई पालक म्हणून लागली असेल तर तुमचं नाव कधी आणि कोणत्या आधाराने गेलं ते शोधा. पालकाने तुमच्या अज्ञानपणी जमीन विकली असेल तर ती विक्री रद्द करून घ्यायला सज्ञान झाल्यापासून ३ वर्षंच मिळतात, म्हणून या शोधाला उशीर नको.

नोंदणीकृत दस्तांसाठी दुय्यम निबंधकाकडे सूची दोनचा (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्तांची यादी) शोध घ्या. हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, साठेखत, जे काही निघेल त्याची नक्कल घ्या. तुमच्या आईच्या अंगठ्याचं हक्कसोडपत्र दाव्याच्या मध्यावर समोरून येण्यापेक्षा आधी तुमच्या हातात आलेलं बरं.

दुसरी पायरी: तुमची जमीन कोणत्या गटात बसते ते ठरवा

सरसकट “वडिलोपार्जित” म्हणून दावा करणाऱ्यांची फजिती इथे होते.

आजोबा-पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेली, कधी वाटप न झालेली जमीन असेल तर त्यात जन्माने हक्क आहे. महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना हा हक्क दिला होता. केंद्राच्या दुरुस्तीने तो ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ होता. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो संपवला: वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली खरीखुरी विक्री किंवा वाटप उकरून काढता येत नाही. आणि “तोंडी वाटप तेव्हाच झालं होतं” हा भावांचा आवडता बचाव आता सहज चालत नाही. त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो.

वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन वेगळी. ते हयात असेपर्यंत त्यात कोणालाच मागायचा हक्क नाही. ते मृत्युपत्र न करता गेले तर पत्नी, मुलगे, मुली आणि वारलेल्या वडिलांची आई यांना सारखे हिस्से. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. १९५६ नंतर वडिलांकडून अशा वारसाने मुलाला मिळालेली जमीन त्या मुलाची स्वतंत्र मिळकत होते. तिच्यात नातवाला जन्माने हक्क येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून हे सांगितलं आहे, तरी “आजोबांची जमीन आहे, बापाला विकता येणार नाही” म्हणत नातू दावे करतात आणि हरतात.

तिसरा गट सगळ्यात वादाचा: वडील गेल्यानंतर, किंवा ते असताना, थोरल्या भावाच्या नावावर नवीन जमीन घेतली गेली. पैसे कोणाचे? कुटुंब एकत्र आहे असं कायदा गृहीत धरतो, पण मिळकत एकत्र आहे असं गृहीत धरत नाही. दावा करणाऱ्याने आधी दाखवायचं की कुटुंबाकडे मूळची अशी मिळकत होती जिच्या उत्पन्नातून खर्च भागून ही खरेदी होऊ शकली असती. तेवढं दाखवलं की ओझं थोरल्यावर जातं; मग त्याने सांगावं की त्याने स्वतःच्या वेगळ्या कमाईतून घेतली. १९५४ पासून न्यायालयं याच मापाने मोजत आली आहेत. दोन एकर कोरडवाहू मुळची आणि त्यातून दहा एकर बागायत घेतली असं म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. पण सोळा एकर ऊस, थोरला पूर्णवेळ शेतीत, त्याला दुसरी नोकरी नाही आणि त्याच वर्षांत खरेदी, असं चित्र असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

तिसरी पायरी: “नाव त्याचं, पण आमच्यासाठी” हे कायद्यात कुठे बसतं

एकाच्या नावावर असलेली मिळकत खरं तर इतरांच्या भल्यासाठी आहे असं परिस्थितीवरून मानणं, याला वकील कन्स्ट्रक्टिव्ह ट्रस्ट म्हणतात. कोणी न्यासपत्र केलेलं नसतं. वागणुकीवरून, नात्यावरून न्यायालय त्या माणसाला विश्वस्तासारखं बांधून टाकतं. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांनी हा सिद्धांत निकालांतून वाढवला. आपल्याकडे तो भारतीय न्यास अधिनियम १८८२ च्या नवव्या प्रकरणात लिहून ठेवला आहे आणि त्यातलं कलम ९० आपल्या घरगुती भांडणांना अगदी नेमकं लागतं. सहहिस्सेदाराने आपल्या त्या स्थानाचा फायदा घेऊन इतरांच्या हक्काला बाधा येईल असा काही लाभ मिळवला, तर तो लाभ त्याने सगळ्यांसाठी धरायचा. कायद्यानेच दिलेलं उदाहरण वाचण्यासारखं आहे: गाव एका हिंदू कुटुंबाचं आहे, त्यातला एक जण सरकारला नजराणा भरून इनामदार म्हणून आपलं नाव लावून घेतो, तो ते गाव स्वतःसाठी आणि बाकीच्या सदस्यांसाठी धरतो. दीडशे वर्षांपूर्वी मसुदा लिहिणाऱ्याला आपल्या तालुक्याची ओळख होती की काय, असं वाटावं.

हे कुठे उपयोगी पडतं? वतनाच्या, म्हणजे चाकरीबद्दल पूर्वी मिळालेल्या, जमिनीत. वतनं खालसा झाल्यावर नजराणा भरून जमीन परत एकाच्या नावावर दिली गेली. तरी ती कुटुंबाचीच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नागेश बिस्टो देसाई प्रकरणात म्हटलं. कुळाच्या जमिनीतही. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कुळं मालक मानली गेली, पुढे कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली आणि ३२-म चं प्रमाणपत्र अनेक घरांत थोरल्याच्या नावाने निघालं. कूळ म्हणून मूळ नाव वडिलांचं होतं आणि कसणारे सगळे होते, हे पीक पाहणीपत्रकांवरून आणि हप्त्याच्या पावत्यांवरून दाखवता आलं तर प्रमाणपत्रावरचं एकटं नाव अडसर ठरू नये.

शहरातल्या जागांसाठी २०१२ चा मार्सेल मार्टिन्स विरुद्ध एम. प्रिंटर हा निकाल वकिलाला दाखवा. बंगळुरूत महापालिकेच्या जागेत आई भाडेकरू होती. ती गेल्यावर मुलाचं नाव लागलं, पुढे खरेदीखतही त्याच्या एकट्याच्या नावे झालं, पण पैशात घरच्यांचा वाटा होता. न्यायालयाने म्हटलं, तो मुलगा विश्वासाच्या नात्याने ही मिळकत धरत होता. नाव त्याचं असलं तरी भावंडांचा हक्क जात नाही.

कलम ९० ची दुसरी बाजू लपवू नये. लाभ सगळ्यांचा, तसा तो मिळवायला झालेला वाजवी खर्चही सगळ्यांचा. नजराणा, सोसायटीचं कर्ज, विहीर, पाइपलाइन हे थोरल्याने एकट्याने भरलं असेल तर त्याचा हिशेब मागायचा त्याला अधिकार आहे. दावा करण्याआधी हा आकडा तुमच्या डोक्यात असू द्या. तडजोडीच्या बोलण्यांत “तुझा खर्च आम्ही मान्य करतो” हे पहिलं वाक्य म्हणून ठेवलं तर बैठक अर्ध्यावर मोडत नाही.

इथे पाय घसरतो: बेनामी कायदा

“पैसे मी मुंबईहून पाठवले, जमीन भावाच्या नावावर घेतली, आता तो देत नाही.” ही तक्रार घरोघरी आहे आणि अशा दाव्यांत हात पोळण्याची शक्यता सर्वात जास्त. १९८८ च्या बेनामी कायद्याने न्यास अधिनियमातली ८१, ८२ आणि ९४ ही कलमं काढून टाकली. ज्याने पैसे दिले तो खरा मालक, हा जुना आधारच त्यामुळे गेला. कलम ४ प्रमाणे बेनामी, म्हणजे एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घेतलेली, मिळकत परत मिळवण्यासाठी दावाच करता येत नाही. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तर मिळकत सरकारजमा होऊ शकते आणि शिक्षा १ ते ७ वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाते, शिवाय बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड.

काही व्यवहार मात्र बेनामी धरले जात नाहीत. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या किंवा सदस्याच्या नावावर, कुटुंबासाठी, कुटुंबाच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मिळकत. विश्वासाच्या नात्याने दुसऱ्यासाठी धरलेली. पत्नी, पती किंवा मुलांच्या नावावर स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेली. भाऊ, बहीण किंवा आई-वडिलांच्या बाबतीत अट कडक आहे: कुठल्या तरी दस्तात दोघांचीही नावं संयुक्त मालक म्हणून असली पाहिजेत. म्हणजे मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या भावाचं नाव खरेदीखतात कुठेच नसेल आणि गावाकडे एकत्र कुटुंबही उरलेलं नसेल, तर त्याचं प्रकरण खरोखर कमकुवत आहे. त्याला खोटी आशा दाखवणारा वकील शोधायला फार फिरावं लागत नाही.

म्हणून दाव्यात पहिल्या परिच्छेदात काय लिहिलं जातं याकडे स्वतः लक्ष द्या. “वादीने स्वतःचे पैसे देऊन प्रतिवादीच्या नावे घेतली” हे एक वाक्य दावा सुरुवातीलाच फेटाळायला पुरेसं होऊ शकतं. खरी हकीकत एकत्र कुटुंबाची असेल, तर ती तशीच, उत्पन्नाच्या तपशिलासह लिहायची. खरी नसेल तर ती रचू नका; उलटतपासात ती टिकत नाही.

चौथी पायरी: पुरावा गोळा करताना

लोक खरेदीखताच्या मागे धावतात आणि खरं काम करणारे कागद माळ्यावर पडून असतात. साखर कारखान्याची ऊस बिलं कोणाच्या खात्यावर जमा होत होती आणि तिथून घरखर्चाला पैसे कसे निघत होते. विकास सोसायटीच्या कर्जाला जामीन कोण होतं; कर्जरोख्यावर सगळ्या भावांच्या सह्या असतील तर बँकेलाही जमीन सामाईक वाटत होती. विहिरीच्या किंवा वीज जोडणीच्या अर्जावर संमतीपत्र दिलेलं असतं, त्यात थोरल्याने स्वतःच्या हाताने “सामाईक क्षेत्र” असं लिहिलेलं सापडतं. भूसंपादनाचा जुना मोबदला वाटून घेतला असेल तर त्या पावत्या. बहिणींना दिवाळीला धान्य पोचवलं जायचं, हे तोंडी असलं तरी साक्षीत येऊ शकतं, पण त्याच्यावर सगळा दावा उभा करू नका.

मोबाइलमधले संदेश आणि आवाजाच्या फिती जपून ठेवा, मूळ यंत्रासकट. “आपली सगळ्यांची जमीन आहे, मी कुठे नाही म्हणतो” असं भावाने लिहिलेलं असेल तर ते सोन्यासारखं आहे.

हक्कसोडपत्र निघालंच, तर ते नोंदवलेलं आहे का ते आधी पाहा. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणी लागते. साध्या कागदावरचा, किंवा तलाठ्यापुढे दिलेला “मला हिस्सा नको” असा जबाब त्यासाठी पुरत नाही. फेरफारात अशा जबाबांवरून बहिणींची नावं सर्रास कमी केलेली दिसतात. शिवाय वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीने लिहून दिलेलं हक्कसोड हे मुळातच पोकळ असतं. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो देता येत नाही.

पाचवी पायरी: कचेरी की कोर्ट?

दोन्ही दरवाजे वेगळ्या कामांचे आहेत.

वडील नुकतेच वारले असतील आणि फक्त नावं लावायची असतील, तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे जुन्या तलाठ्याकडे, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची यादी देऊन वारस नोंदीचा अर्ज करा. मुदत ३ महिन्यांची आहे. उशीर झाला तरी अर्ज स्वीकारतात. सगळ्या म्हणजे सगळ्या. यादीतून बहीण गाळून केलेला अर्ज तुमच्याच अंगाशी येईल. समोरच्याने तुम्हाला वगळून नोंद धरली असेल तर नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग ती नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, ६० दिवसांत अपील. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो, आणि कधी कळलं ते तारखेसह सांगावं लागतं.

ए.कु.मॅ. नोंद अजून सातबाऱ्यावर शाबूत असेल आणि थोरला विरोध करत नसेल, तर ती कमी करून सगळ्यांची नावं लावण्याचं काम तहसील पातळीवर होतं. सगळे राजी असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली खातेफोड करून वेगळे सातबारेही होतात. पण कोणी “यांचा हक्कच नाही” असं म्हणालं, की तहसीलदाराचा हात थांबतो. मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयानेच सोडवायचा. याच ठिकाणी लोक वर्षं घालवतात: मंडळ अधिकारी, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त, मग मंत्र्यांपुढे, आणि शेवटी आदेश येतो की दिवाणी कोर्टात जा. हक्कच नाकारला गेला असेल तर महसुली अपील मुदतीसाठी दाखल करून ठेवा, पण खरी लढाई पहिल्यापासून वाटपाच्या दाव्यात लढा.

सहावी पायरी: वाटपाचा दावा

“वाटप व स्वतंत्र ताबा मिळावा” असा हा दावा असतो. तीन गोष्टींचा आग्रह वकिलाकडे धरा. एक, कुटुंबाच्या सगळ्या मिळकती त्यात याव्यात: शेती, गावठाणातलं घर, शहरातली सदनिका. तुमच्या स्वतःच्या ताब्यात असलेलीही. अर्धवट वाटपाचा मुद्दा समोरचा हमखास काढतो. दोन, सगळे हिस्सेदार पक्षकार असावेत, तुमच्या बाजूच्या बहिणीसुद्धा. तीन, जमीन विकली असेल तर खरेदीदारही प्रतिवादी. त्या खरेदीखतावर तुमची सही नसेल तर ते तुमच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही असं ठरवून मागायचं.

दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा. जमीन विकू नये, बोजा चढवू नये, स्वरूप बदलू नये. त्यातच संपूर्ण कसण्याला मनाई मागू नका. सहहिस्सेदाराला कसण्यापासून रोखणारा आदेश सहसा मिळत नाही आणि जास्त मागितल्याने रास्त मागणीही डळमळते. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यायला विसरू नका. लिस पेंडन्सची ही नोटीस मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे नोंदवायची पद्धत आहे. नंतर कोणी जमीन घेतली तर “मला दावा माहीत नव्हता” ही सबब त्याला उरत नाही.

मुदतीबद्दल. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं गेलं हे कळल्यापासून १२ वर्षं. नुसतं भावाचं नाव लागलं म्हणजे वगळलं असं होत नाही, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा असतो. बहिणीने पंचवीस वर्षं काही मागितलं नाही, एवढ्यावर तिचा हक्क बुडत नाही. पण भावाने नोटिशीला “तुमचा काही संबंध नाही” असं लेखी उत्तर दिलं किंवा उघडपणे हाकलून लावलं, तर त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं असं धरून चला. आणि केवळ एखादा दस्त रद्द करून मागायचा असेल तर मुदत ३ वर्षांचीच आहे.

खर्चाची भीती असेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. दावा चालू असताना लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेलं कोर्ट फी परत मिळतं आणि त्या निवाड्यावर अपील नाही. घरगुती तडजोड बाहेरच करायची असेल तर लक्षात ठेवा: तोंडी ठरलेल्या कौटुंबिक व्यवस्थेची नंतर केलेली निव्वळ टिपण नोंदवावी लागत नाही, पण ज्या कागदानेच हक्क बदलतात तो नोंदवावा लागतो. शंका असेल तर नोंदवूनच टाका, मुद्रांक शुल्क किती ते दुय्यम निबंधकाकडे विचारून.

हुकूमनामा हातात आल्यावर

पहिला हुकूमनामा फक्त हिस्से ठरवतो: अमुकला १/४, तमुकला १/४. जमीन त्याने हातात येत नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणून दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून प्रकरण तिकडे पाठवून घ्यावं लागतं. पुढे भूमी अभिलेखचे मोजणीदार येतात आणि सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस बघून, तुकडे पाडतात. विहीर, रस्ता, बांध आणि पाण्याची पाळी यांचं काय करायचं हे त्या वेळी लेखी सांगा. नकाशावर एकदा रेघ पडली की विहिरीकडे जायची वाट मागत पुन्हा तहसीलदाराकडे जावं लागतं. प्रमाणभूत क्षेत्र सध्या जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. हिस्सा त्याहून लहान पडत असेल तर तुकडा पाडता येत नाही. मग कोणी जमीन घ्यायची आणि कोणी पैसे, हे तिथेच ठरवावं लागतं. एखाद्या वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकायचं ठरवलं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो आधी विकत घेण्याचा हक्क इतर वारसांना आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागतो हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

ताबा पावती झाल्यावर तिच्या नकलेसह फेरफाराचा अर्ज स्वतः द्या, कचेरी आपोआप करेल म्हणून थांबू नका. नोंद मंजूर झाली की नवा सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा) काढून क्षेत्र, आकार आणि प्रत्येक नाव अक्षर न अक्षर तपासा. चूक असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.